मिठाच्या जागीं लिथियम

हृदयविकार किंवा रक्तदाब जडलेल्या रोग्याला मीठ वर्ज्य केलें कीं जेवणाची अर्धी गोडी नाहींशी होते. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अशा रोग्यांसाठीं पर्यायी मीठ विक्रीस आलें. तें लिथियम क्लोराइड होतें. औषध नव्हे, तेव्हां मोजून घेण्याचें बंधन नाहीं. रोगी तें सढळ हातानें अन्नावर शिंपडूं लागले. हात कांपणें, तोल जाणें, दृष्टि अंधुक होणें अशीं लक्षणें उद्भवलीं आणि कांहीं रोगी दगावले. १९४९ च्या आरंभीं तें मीठ बाजारांतून काढून घेण्यांत आलें.

लिथियमवरील लोकांचा विश्वास मात्र जुना होता. १८१७ सालीं स्वीडनमध्यें बर्झेलियसच्या प्रयोगशाळेंत आर्फवेडसन यांना हा धातु एका खनिजांत सांपडला. पुढें त्याच्या क्षारांनीं यूरिक आम्लाचे खडे विरघळतात असें आढळल्यावरून गॅरड यांनीं १८५९ मध्यें गाऊट या सांध्यांच्या विकारावर त्यांचा पुरस्कार केला. परीक्षानळींत घडतें तेंच सांध्यांत घडेल, ही आशा फोल ठरली. तरी 'लिथिया' झऱ्यांचें पाणी बाटल्यांतून खपत राहिलें. १९२९ मध्यें निघालेल्या, पुढें सेव्हन-अप म्हणून प्रसिद्धि पावलेल्या पेयांतही लिथियम सायट्रेट होतें. मात्रा अल्प असल्यामुळें ही वस्तु निरुपद्रवी, असा समज दृढ झाला असावा.

मूत्रपिंडें लिथियमला बऱ्याच अंशीं मिठांतील सोडियमसारखेंच वागवितात. आहारांत मीठ घटलें कीं तीं सोडियम राखून ठेवतात. त्यासरशीं लिथियमही अडकून पडतें. म्हणजे ज्यांना मीठ वर्ज्य, त्यांच्याच अंगीं हें विष सर्वांत अधिक सांचावयाचें. रोग्यासाठीं याहून वाईट निवड क्वचितच झाली असेल!

त्याच १९४९ च्या सप्टेंबरांत ऑस्ट्रेलियांतील जॉन केड यांनीं उन्मादाच्या रोग्यांवर लिथियमचा गुण येतो असें प्रसिद्ध केलें. क्षार आधीं त्यांनीं स्वतः घेऊन पाहिले होते. त्यांचा पहिला रोगी सुधारून घरीं गेला. पण १९५० मध्यें लिथियमच्याच विषबाधेनें वारला. १९५४ सालीं डेन्मार्कमध्यें मोगेन्स स्काउ यांनीं काळजीपूर्वक प्रयोग करून केड यांच्या म्हणण्यास आधार दिला. रक्तांतील लिथियम मोजण्याची सोय झाल्यावर औषध हाताळणें शक्य झालें. १९७० मध्यें अमेरिकेनें त्यास मान्यता दिली. सामान्यतः लिटरमागें ०.६ ते १ मिलिमोल ही मर्यादा इष्ट, १.५ च्या पुढें विषबाधेचें भय.

आज अमेरिकेंत लिथियम ओरोटेट पूरक आहार म्हणून चिठ्ठीविना मिळतें. त्याच्या गोळींत बहुधा ५ मिलिग्रॅम लिथियम असतें, तर ३०० मिलिग्रॅम कार्बोनेटाच्या औषधी गोळींत सुमारें ५६. प्रमाण थोडें खरें; पण त्याच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे. शिवाय मूत्रल औषधें व आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या लिथियम शरीरांत अडकवून ठेवतात, आणि दुकानांतून पूरक आहार नेणाऱ्याचें रक्त कोणी तपासीत नाहीं.