भिसेगाव ते अलिबाग: सदोष वाहनाच्या तक्रारीची वाट

कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावाच्या परिसरात यंत्रयुग रेल्वेबरोबर आले आणि सदोष कामाचा जाब कोणी द्यायचा हा प्रश्नही रेल्वेनेच प्रथम उभा केला. 21 एप्रिल 1863 रोजी खुल्या झालेल्या बोरघाटातील लोहमार्गावरचा एक मोठा दगडी पूल, ज्याला त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत ‘महू-की-मल्ली’ असे म्हटले आहे, जुलै 1867 मध्ये, म्हणजे अवघ्या चार वर्षांत कोसळला आणि त्याचा दोष निकृष्ट गवंडीकामाकडे गेला. तथापि रेल्वेत मार्ग, गाड्या आणि दुरुस्तीशाळा यांची मालकी एकाच संस्थेकडे असल्याने, घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जोडल्या जाणाऱ्या बँकर इंजिनाचा एखादा भाग वारंवार बिघडला तरी तो दोष सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवाशावर कधी आली नाही. मोटारीने ही घडी मोडली. कारखाना एकाचा, विक्री दुसऱ्याची, दुरुस्ती तिसऱ्याची आणि घाटात खोळंबणारा चौथाच.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्ससारखे मोजकेच उत्पादक असल्याने मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, आणि इतकी वाट पाहून हाती आलेल्या गाडीबद्दल कंपनीशी भांडण्यापेक्षा मिस्त्रीकडून तात्पुरता इलाज करून घेणे ग्राहकाला सोयीचे वाटे. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीने आणि पाठोपाठ 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीने खरेदीदाराला संघटित होण्याची सवय लावली. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘दोष’ या शब्दाची व्याख्या केली, ती म्हणजे वस्तूच्या गुणवत्तेत, प्रमाणात, क्षमतेत, शुद्धतेत किंवा मानकात असलेली उणीव. रायगड जिल्ह्याचा ग्राहक मंच अलिबागला असल्याने कर्जत-खालापूरच्या तक्रारदाराची वाट तिकडे वळली.

खरी अडचण मात्र पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दोषाची होती. क्लचच्या तक्रारीतून निघालेल्या मारुती उद्योगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये असे ठरवले की वॉरंटीत, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या लेखी हमीत, सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचेच वचन असेल तर संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश देता येणार नाही. कराराच्या दृष्टीने हा निकाल सुसंगत असला तरी त्याचा व्यावहारिक अर्थ ग्राहकाला जड जाणारा आहे, कारण तोच भाग चौथ्यांदा बदलला तरी दर वेळी वचन पाळले गेल्याचे दिसते, आणि चार दुरुस्त्या मिळून एकच मूळ दोष आहे हे दाखवण्यासाठी प्रत्येक खेपेचे जॉबकार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तक्रार व केलेले काम नोंदवलेला कागद, जपून ठेवावा लागतो. (तो कागद मागून घेण्याचा संकोच अनेकांना महागात पडतो.) पुढे 2021 मध्ये गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात, जुन्या वर्षाची वापरलेली गाडी नवी म्हणून माथी मारली गेल्याची तक्रार असताना, त्याच न्यायालयाने उत्पादकाला विक्रेत्याच्या कृत्याची माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला जबाबदार धरण्यास नकार दिला.

20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्याने दोन गोष्टी बदलल्या. विक्रेता पनवेलचा वा मुंबईचा असला तरी भिसेगावचा रहिवासी आता स्वतःच्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो. आणि ‘उत्पादन दायित्व’ या स्वतंत्र प्रकरणात एखाद्या नगाच्या निर्मितीतील दोष आणि मुळातल्या आराखड्यातील दोष यांत फरक करण्यात आला. परंतु या प्रकरणातील ‘हानी’त खुद्द त्या वस्तूचे नुकसान मोजले जात नाही, त्यामुळे ब्रेक निकामी होऊन कोणी जखमी झाल्यास हे प्रकरण उपयोगी पडते, आणि केवळ ब्रेक वारंवार बदलावे लागले तर जुन्याच ‘दोषा’च्या व्याख्येकडे परतावे लागते.

एकट्या गाडीऐवजी त्या जातीच्या सर्व गाड्यांकडे पाहणारी ‘रिकॉल’ची पद्धत, म्हणजे सदोष वाहने परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करणे, भारतात 2012 मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या ऐच्छिक संहितेने आली, आणि 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने ठराविक प्रमाणात मालकांनी तोच दोष कळवल्यास सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. 1 एप्रिल 2021 पासून अमलात आलेल्या नियमांनी त्यासाठी वाहनाचे वय सात वर्षांपेक्षा कमी असण्याची अट घातली, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली जुनी गाडी या तरतुदीबाहेरच राहते आणि तिचा निवाडा आजही गॅरेजमध्येच होतो.