शब्दवेध : हलणारं आणि न हलणारं

आमच्या गल्लीतल्या वह्या-पेनांच्या दुकानाच्या पाटीवर इंग्रजी ‘स्टेशनरी’ या शब्दात ‘ई’च्या जागी ‘ए’ पडलाय. अर्थ झाला, जागचं न हलणारं दुकान! पोरं हसतात, मला वाटतं, पेंटर नकळत मुळाशी पोचला. लॅटिन ‘स्टाटिओ’ म्हणजे उभं राहण्याची जागा. आपल्या ‘स्थान’, ‘ठाणं’ यांचं ते दूरचं भावंड. मध्ययुगात बहुतेक विक्रेते गावोगाव फिरत. विद्यापीठाच्या आसपास ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो ‘स्टेशनर’. लंडनमधल्या अशा मंडळींच्या संघाला १५५७ मध्ये राजसनद मिळाली. पुढे ‘स्टेशनर’च्या नावावर कागद, शाई, लेखण्या एवढंच उरलं. एका अक्षराचा भेद इंग्रजीत रुळला तो बराच नंतर. पाटीवरची मराठी ओळ मात्र निर्दोष आहे. देवनागरीत दोन्ही ‘स्टेशनरी’च.