एक जिल्हा, दोन स्मारके: भाई कोतवाल आणि यशवंत घाडगे

१.
पावसाळ्यातल्या रविवारी भिवपुरी रोड स्थानकावर उतरणाऱ्या बहुतेकांची पावले धबधब्याकडे वळतात. याच सह्याद्रीतून आणखी एक पाणी खाली उतरते, ते मात्र दिसत नाही. घाटमाथ्यावर आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. तिथले पाणी भिवपुरीच्या टाटा वीजगृहात येते आणि त्यावर १९२२ पासून वीज तयार होते. आजचा धागा या विजेच्या तारांपासून सुरू होऊन इटलीतल्या एका सूर्यघड्याळापाशी संपणार आहे.

२.
ही वीज प्रामुख्याने मुंबईसाठी होती. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही टाटांची तिन्ही जलविद्युत केंद्रे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली. डोंगरापासून शहरापर्यंत मनोऱ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांवरच्या तारांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली. दुसऱ्या महायुद्धात या गिरण्या सैन्यासाठीही कापड विणत होत्या. म्हणजेच कर्जतच्या रानातला एक मनोरा पडला, तर त्याचा धक्का थेट युद्धयंत्रणेला बसणार होता.

३.
हे ज्याने अचूक ओळखले, तो माणूस माथेरानचा होता. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, नाभिक कुटुंबातला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठीची योजना राबवली, गावोगावी शाळा सुरू केल्या. त्यांच्यामागे तरुण उभे राहिले, ते या कामामुळे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला, तेव्हा भाईंपाशी माणसे आधीच जोडलेली होती.

४.
यातूनच ‘आझाद दस्ता’ उभा राहिला. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने वीजवाहिन्यांचे मनोरे एकामागून एक पाडले. सरकारने पाठलाग सुरू केला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात सशस्त्र पोलिसांनी दस्त्याला गाठले. मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल तिथेच गोळ्यांना बळी पडले. भाईंचे वय तीस वर्षे होते.

५.
आता त्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात जाऊ. माणगाव तालुक्यातले पळसगाव हे यशवंत घाडगे यांचे गाव. ते ब्रिटिश भारतीय सैन्याच्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. सिद्धगडच्या घटनेनंतर दीड वर्षाने, १० जुलै १९४४ रोजी, ही पलटण इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन सैन्याशी लढत होती.

६.
त्या दिवशी घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला, दुसऱ्याला टॉमीगनने टिपले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर दस्त्याचे घाव घातले. ठाणे हाती आले, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच कोसळले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. माणगावला तहसील कार्यालयाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे.

७.
खरा पेच इथे उभा राहतो. भाईंनी मनोरे पाडले, ते ज्या साम्राज्याची युद्धयंत्रणा थांबावी म्हणून, त्याच साम्राज्याच्या गणवेशात घाडगे लढले. ज्या सत्तेच्या पोलिसांनी भाईंवर गोळ्या झाडल्या, त्याच सत्तेने घाडगे यांना आपले सर्वोच्च शौर्यपदक दिले. मग एकाच जिल्ह्याने दोघांपुढे माथा टेकवावा, तो कोणत्या अर्थाने?

८.
या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे मिळतात. एक म्हणते, घाडगे परक्यांचे पगारी शिपाई होते, त्यांना विसरावे. दुसरे म्हणते, तेही मनाने स्वातंत्र्यसैनिकच होते. पहिल्यात माणूस पुसला जातो, तर दुसऱ्यात त्याच्या तोंडी आपले शब्द घातले जातात. त्या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. कोणी पगारासाठी, कोणी घराण्याच्या परंपरेने, कोणी फॅसिझमचा धोका ओळखून भरती झाला. प्रत्येकाच्या मनाचा दाखला अभिलेखागारात मिळत नाही.

९.
स्मारकाचा एकच अर्थ सर्वांवर लादला की काय होते, हे एस्टोनियाच्या राजधानीत, तालिनमध्ये दिसले. सोव्हिएत राजवटीने १९४७ मध्ये तिथे शहराच्या मध्यभागी ब्राँझचा सैनिक उभारला आणि त्याला ‘मुक्तिदात्यांचे स्मारक’ म्हटले. रशियन भाषकांसाठी तो नाझींवरच्या विजयाची खूण होता, तर बहुतेक एस्टोनियनांसाठी नव्या गुलामीची. एप्रिल २००७ मध्ये सरकारने तो हलवून लष्करी दफनभूमीत नेला. त्यावरून दोन रात्री दंगल पेटली आणि एकाचा जीव गेला. पुतळा तोच होता, पण त्याभोवती जमणाऱ्या दोन समाजांच्या आठवणींना एकत्र बसायला जागा उरली नव्हती.

१०.
आपल्याकडे गणवेश आणि बंड यांच्यातली रेघ तितकी ठळक राहिली नाही. युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईत ‘तलवार’ या नौदल आस्थापनेतील नाविकांनी उठाव केला. कालपर्यंत साम्राज्यासाठी लढलेले हात आज त्याच्याविरुद्ध उठले. मुंबईतल्या कुलाबा भागात एका लहानशा बागेत या उठावाचे स्मारक आहे आणि तिथे नाविकाचा पुतळा आहे. गणवेश घातला म्हणजे माणसाने आपला निर्णय कायमचा गहाण टाकला असे नव्हे, हे त्या पुतळ्याकडे पाहताना लक्षात येते.

११.
म्हणून स्मारकापुढे उभे राहिल्यावर ‘हा आपला की परका’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि तीन साधे प्रश्न विचारावेत. हे कोणी उभारले? कोणत्या साली? इथे कोणाचे नाव नाही? सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीला लोक जमतात, कारण भाईंची आठवण त्यांच्या लोकांनी जपली. घाडगे यांची कीर्ती मात्र आधी साम्राज्याच्या राजपत्रात छापली गेली. कदाचित म्हणूनच आपल्या स्वातंत्र्यकथेत त्यांना बसवणे जड जाते. दोघांचे धैर्य सारखे मानता येईल, दोघांचे कार्य मात्र एक नव्हते. हा फरक सांगितल्याने कोणाचाही अपमान होत नाही.

१२.
इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले आणि त्यांतील ५,७८२ परतले नाहीत. जुलै २०२३ मध्ये उंब्रिया प्रांतातल्या मोन्तोने या गावाने घाडगे यांचे स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर कोरले आहे. माणगावच्या तरुणाचे नाव तिथे दूरच्या गावकऱ्यांनी आपणहून जपले आहे. पुढच्या पावसाळ्यात भिवपुरीला गेलात, तर धबधब्याकडे जाण्याआधी एकदा त्या मनोऱ्यांकडेही पाहा. आणि कधी माणगावहून जाणे झाले, तर तहसील कार्यालयापाशी क्षणभर थांबा.

धागा समाप्त. तुमच्या गावातही असे एखादे स्मारक असेल, तर त्यावरचे नाव आणि साल खाली जरूर लिहा.