कार्डाचे रिफंड अडकले? पैसे कुठे असतात, कुणाला विचारायचे?

ईदच्या खरेदीनंतर हा प्रश्न बऱ्याच घरांत असतो. मुलांचे कपडे मापाचे निघाले नाहीत म्हणून परत पाठवले. दुकानदार म्हणतो रिफंड केला, बँक म्हणते आमच्याकडे आलेच नाही. मग पैसे गेले कुठे? यात दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत, ते आधी समजून घेऊ या.

पैसे कटले, पण व्यवहार झालाच नाही

दुकानातल्या मशीनवर किंवा ऑनलाइन कार्ड चालवले, खात्यातून रक्कम गेली, पण दुकानदाराला पेमेंट मिळाल्याचे कळलेच नाही. किंवा एटीएममधून नोटा आल्या नाहीत. अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. म्हणजे व्यवहार १ तारखेचा असेल तर ६ तारखेपर्यंत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ही भरपाई तक्रारीची वाट न पाहता बँकेने स्वतःहून द्यायची असते. दिली नाही तर मागून घ्या, तो आपला हक्क आहे.

ऑर्डर रद्द केली किंवा माल परत केला

इथे वरचा ५ दिवसांचा नियम लागत नाही. पैसे दुकानदाराकडून पेमेंट गेटवे, त्याची बँक, कार्डाचे नेटवर्क आणि शेवटी आपली बँक असा प्रवास करतात. साधारण ५ ते ७ कामाचे दिवस जातात, कधी जास्तही.

त्याहून उशीर झाला तर दुकानदाराकडे रिफंडचा एआरएन नंबर मागा. हा २३ आकडी नंबर बँकेला दिला की रक्कम शोधणे सोपे जाते. दुकानदार नंबर देतच नसेल, तर रिफंड खरेच पाठवले का, हे त्याला लेखी विचारा.

क्रेडिट कार्ड असेल तर

रिफंड येणारच आहे म्हणून बिल थांबवू नका. मुदत चुकली की व्याज आणि दंड लागतो. ज्यांना व्याजापासून लांब राहायचे आहे त्यांनी तर बिल वेळेत पूर्ण भरावे. रिफंड नंतर आले तर ती रक्कम कार्डावर जमा राहते. बँकेला सांगून ती खात्यातही घेता येते.

तक्रार कशी करायची

१. ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज, पावती, स्टेटमेंट जपून ठेवा.
२. बँकेत लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. दुकानदारच दाद देत नसेल तर बँकेकडे चार्जबॅक मागा. त्याला मुदत असते, महिनोन् महिने थांबू नका.
३. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८.
४. दुकानदाराविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

एक खबरदारी

रिफंड अडकले की लोक इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि नेमके तिथेच ठग बसलेले असतात. रिफंड मिळवायला ओटीपी, पिन किंवा सीव्हीव्ही कधीच द्यावा लागत नाही. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा आणि कार्ड ब्लॉक करा. घरातल्या अम्मी-अब्बांनाही हे आज सांगून ठेवा.