वडिलांचा रेझर

वडील गेल्यानंतर त्यांच्या दाढीच्या डब्यात जुना पितळी रेझर सापडला. मुलगा म्हणाला, ‘बाबा, मी आजोबांच्या रेझरनेच शिकतो.’ कोवळ्या गालांवर हे पातं द्यावं का, या काळजीने मी त्याचा इतिहास वाचायला घेतला.

वस्तऱ्याला रोज चामड्याच्या पट्ट्यावर धार लावावी लागे. ती कटकट घालवायची कल्पना किंग कॅम्प जिलेटला १८९५ साली सुचली: ब्लेड वापरायचं, बोथट झालं की फेकायचं. पण इतक्या पातळ पोलादाला टिकाऊ धार येईना. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते जमवलं. १९०३मध्ये विकले गेले अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड! १९०४ला पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना रेझर सरकारकडूनच मिळाले आणि घरी दाढी करायची सवय पक्की झाली.

जिलेटने धार लावण्याचं काम संपवलं, हाताचं कसब मात्र आपल्याकडेच ठेवलं. म्हणून नवशिक्याने ब्लेड फार बाहेर न डोकावणारा, सौम्य रेझर घ्यावा. सोबत ब्रश, साबण, तुरटी आणि दोन-तीन प्रकारची ब्लेडं पुरेत. पातं साधारण तीस अंशांत धरावं, दाबू नये. रेझरचं वजनच काम करतं.

आजोबांच्या रेझरमध्ये आजचं ब्लेड चपखल बसलं. हनुवटीवर एकदाच कापलं. तुरटी लावताना मुलगा हसला, अगदी वडिलांसारखा.