दप्तर कुठं ठेवायचं?

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजाम राजवटीत होता. म्हणून जुनं दप्तर उर्दूत, मोडीत. २०२३ साली न्या. शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा पणजोबाच्या एका ओळीची किंमत घराघरात कळली.

आता नवी पद्धत येतेय: टेबलावर नुसता स्क्रीन, सगळं काम मध्यवर्ती सर्व्हरवर. सोय आहेच. पण सकाळी सगळ्यांनी एकदम लॉगिन केलं की स्लो स्टोरेजचा दम निघतो. अन् ते बंद पडलं, तर सगळेच हात बांधून बसणार.

म्हणून खरेदीत नुसते टीबी मोजू नका. वेग बघा, अन् दुसरी प्रत दुसऱ्या शहरात आहे का, हेही विचारा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सास्तूर-लोहाऱ्याला सांगायला नको.