थांबण्याची ऐपत : जुन्या कोन्याकचा हिशेब

कोन्याक हे मद्याचे नाव होण्याआधी एका गावाचे नाव आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, अटलांटिक किनाऱ्यापासून थोडे आत, शारांत नदीच्या काठी हे गाव वसले आहे. फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला १४९४ मध्ये इथल्याच किल्ल्यात जन्मला. या गावाच्या आसपास गाळलेल्या जुन्या ब्रँडीची एकेक सुरई आज लाखो रुपयांना विकली जाते. जाहिरातींत राजेरजवाडे असतात, लढाया असतात, स्फटिकाची भांडी असतात. व्यापाराच्या इतिहासात रस असल्यामुळे माझ्यापुढे मात्र एक साधा प्रश्न होता. या किमतीत नेमके काय विकले जाते?

द्राक्षे म्हणावीत, तर कोन्याकची द्राक्षे आंबट असतात. त्यांची वाइन पातळ, जेमतेम नऊ टक्के अल्कोहोलची. नुसती प्यायला कोणी ती आवडीने घेणार नाही. मग गाळण्याची विद्या म्हणावी, तर ती जगात अनेक ठिकाणी होती आणि आहे. जुनी कागदपत्रे आणि आजचे नियम शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा मला वाटले की इथे मुख्यतः विकला जातो तो काळ. काळ विकायचा तर आधी तो साठवावा लागतो. तो साठवण्याची ऐपत कोणाची होती, हे पाहिले की कोन्याकचा इतिहास जाहिरातीपेक्षा बराच वेगळा दिसतो.

या इतिहासाची सुरुवात मिठापासून होते. शारांतच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावर मिठागरे होती. उत्तर युरोपातली जहाजे मासे खारवण्यासाठी लागणारे मीठ न्यायला येत आणि सोबत वाइनची पिंपे भरत. सोळाव्या-सतराव्या शतकांत या व्यापारात डच आघाडीवर होते. हलकी वाइन लांबच्या प्रवासात बिघडे. म्हणून डचांनी ती गाळायला सुरुवात केली आणि तिला आपल्या भाषेत नाव दिले ‘ब्रांडवाइन’, म्हणजे जाळलेली वाइन. आपल्या बोलीत रुळलेला ‘ब्रँडी’ हा शब्द त्यातूनच आला. गाळल्याने माल टिके आणि जहाजात जागाही कमी लागे. पोहोचल्यावर त्यात पाणी घालून प्यावे, अशी मूळ कल्पना होती. पुढे शारांतमधले लोक तीच वाइन दोनदा गाळू लागले. कधी जहाजे वेळेवर भरली जात नसत आणि माल ओकच्या पिंपांत पडून राही. असा पडून राहिलेला माल अधिक चांगला होतो, पाणी न घालताही पिता येतो, हे हळूहळू ध्यानात आले. आज ज्याला वारसा म्हणतात, त्याचा उगम असा विक्रीच्या खोळंब्यात आहे.

ज्यांची नावे आज बाटल्यांवर आहेत, त्यांतले बरेच जण बाहेरून आलेले. झाँ मार्टेल इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरून आला आणि १७१५ मध्ये त्याने पेढी उघडली. रिचर्ड हेनेसी आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातला, फ्रेंच राजाच्या सैन्यातला अधिकारी. त्याची पेढी १७६५ ची. टॉमस हाइन इंग्लंडमधून आला. रेमी मार्तँ मात्र तिथल्याच द्राक्षबागायतदाराच्या घरातला होता आणि त्याची पेढी १७२४ ची. प्रॉटेस्टंट पंथीयांना दिलेली धर्मस्वातंत्र्याची हमी चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतली, तेव्हा या भागातली अनेक कुटुंबे हॉलंड-इंग्लंडकडे पळाली. परागंदा झालेल्यांचे नातेसंबंध पुढे व्यापाराला उपयोगी पडले.

या व्यापाराची एक काळी बाजू आहे आणि ती चकचकीत पुस्तिकांत क्वचितच येते. अटलांटिक किनाऱ्यावरचे जवळचे मोठे बंदर म्हणजे ला रोशेल. अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारातले ते फ्रान्सच्या प्रमुख बंदरांपैकी एक होते. पश्चिम आफ्रिकेत माणसांच्या मोबदल्यात जो माल दिला जाई, त्यात ब्रँडीही असे. परतीच्या जहाजांतून साखर येई. पेढ्यांच्या भांडवलाचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. उनी ब्लाँ ही इथली मुख्य द्राक्षजात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते आणि वाइन आंबवून लगेच गाळायला घेतात. पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत गाळणे संपले पाहिजे, असा कायदाच आहे. तांब्याचे मोठे भांडे, खाली उघडी आच, वर हंसाच्या मानेसारखी वळलेली नळी. पहिल्या गाळणीत सुमारे ३० टक्के अल्कोहोलचा गढूळ द्रव मिळतो, त्याला ‘ब्रुयी’ म्हणतात. तो पुन्हा गाळताना पहिला आणि शेवटचा भाग बाजूला काढून मधला ठेवायचा. त्याचे नाव ‘काळीज’. कुठे तोडायचे हे गाळणारा नाकाने आणि जिभेने ठरवतो. हे काळीज पाण्यासारखे पारदर्शक असते आणि त्यात अल्कोहोल ७० टक्क्यांच्या आसपास असते. एका लिटरला साधारण नऊ लिटर वाइन लागते.

गोमंतकातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. काजूच्या बोंडांचा रस भट्टीवर पहिल्यांदा गाळला की उराक आणि दुसऱ्यांदा गाळला की फेणी. तांब्याचे भांडे, दोनदा गाळणे, हंगामाची घाई, सगळे जवळपास तसेच. वाटा वेगळ्या होतात त्या यानंतर.

कोन्याकचे काळीज ओकच्या पिंपात जाते. लाकूड मुख्यतः लिमुझँ आणि त्राँसेच्या जंगलांतले. त्राँसेचे जंगल सतराव्या शतकात चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने आरमाराच्या जहाजांसाठी राखून वाढवले होते. फळ्या सुमारे तीन वर्षे उघड्यावर ऊनपावसात ठेवतात आणि मगच पिंप बांधतात. पिंपात लाकडाचा रंग आणि गंध उतरतो, हवा आत-बाहेर होते आणि दर वर्षी साधारण दोन टक्के माल उडून जातो. या तुटीला तिथे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. या वाफेवर एक काळी बुरशी पोसते, त्यामुळे कोठारांच्या भिंती आणि छपरे काजळी धरल्यासारखी दिसतात. कोणाकडे किती माल आहे, हे बाहेरूनच कळते.

दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून मी हिशेब मांडून पाहिला. नऊशे लिटर वाइन गाळून शंभर लिटर काळीज मिळाले असे धरू. दर वर्षी दोन टक्के तूट धरली, तर पन्नास वर्षांनी त्यातले ३६ लिटरच उरतात. म्हणजे जुन्या कोन्याकच्या एका लिटरमागे पंचवीस लिटर वाइन खर्ची पडली. शिवाय पन्नास वर्षे भांडवल अडकले, जागा अडकली, राखण करावी लागली. फार जुना माल लाकडात आणखी ठेवला तर बिघडतो. तो काचेच्या मोठ्या घटांत भरून कोठाराच्या एका कोपऱ्यात ठेवतात. त्या जागेचे नाव ‘पारादी’, म्हणजे स्वर्ग. काचेत गेल्यावर त्याचे वय थांबते, कारण वय मोजले जाते ते फक्त लाकडातले. या मोजणीत सगळ्या कोन्याकचा वाढदिवस एकच, १ एप्रिल.

पेढीचा कोठारप्रमुख हे शेकडो पिंपांतले मद्य चाखून मिश्रण करतो. तो वापरतो ते मद्य त्याच्या आजोबांच्या पिढीने ठेवलेले असते आणि तो ठेवतो ते नातवंडांच्या पिढीसाठी. हेनेसीमध्ये हे काम फियू घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. रेमी मार्तँमध्ये २००३ मध्ये पिएरेत त्रिशे या बाई या पदावर आल्या. मोठ्या पेढ्यांत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

बाटलीवरची व्हीएसओपी, एक्सओ ही अक्षरे इंग्रजी का, असा प्रश्न अनेकांना पडतो. कारण गिऱ्हाईक इंग्रज होते. आज मिश्रणातला सर्वांत तरुण घटक व्हीएससाठी दोन, व्हीएसओपीसाठी चार आणि एक्सओसाठी दहा वर्षांचा असावा लागतो. एक्सओची अट २०१८ पर्यंत सहा वर्षांची होती. गडद रंग म्हणजे जुने मद्य, हा समज मात्र खरा नाही. रंगासाठी जळक्या साखरेचा अर्क घालायला नियमांत मुभा आहे.

थांबण्याची ऐपत म्हणजे काय, ते १८७० च्या दशकात उघड झाले. अमेरिकेतून आलेल्या फिलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने द्राक्षवेलींची मुळे खाल्ली. सुमारे २ लाख ८० हजार हेक्टरांवरची लागवड १८९३ पर्यंत ४० हजारांवर आली. ज्या पेढ्यांच्या कोठारांत जुना साठा होता, त्या तगल्या. ज्या शेतकऱ्याकडे फक्त वेली होत्या, त्याच्याकडे विकायला काही उरले नाही. अनेकांनी बागा मोडून गायी पाळल्या आणि सहकारी दुग्धालये काढली. शारांतचे लोणी आज फ्रान्सभर नावाजले जाते, ते या आपत्तीचे अपत्य. उपायही अमेरिकेतूनच आला. पिएर व्हियाला हा फ्रेंच शास्त्रज्ञ १८८७ मध्ये तिकडे गेला. चुनखडीच्या जमिनीत तग धरणारे खुंट त्याला टेक्सासमध्ये मिळाले आणि टी. व्ही. मनसन या तिथल्या द्राक्षतज्ज्ञाची मोठी मदत झाली. कोन्याकच्या वेली आज अमेरिकी मुळांवर उभ्या आहेत. मनसनचे डेनिसन आणि कोन्याक ही जुळी गावे मानली जातात.

कायद्याने १९०९ मध्ये कोन्याकचा प्रदेश आखून दिला आणि १९३६ मध्ये नावाला संरक्षण मिळाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याच्या काळात साठा लुटला जाऊ नये, म्हणून १९४१ मध्ये वाटपासाठी एक कार्यालय स्थापन झाले. युद्धानंतर त्यातूनच शेतकरी आणि व्यापारी यांची आजची संयुक्त संस्था निघाली. संकटात वेली वाचवण्याआधी साठा वाचवायचा, हे त्या गावाला फिलोक्सेराने शिकवले होते.

पण तराजू अजून समतोल नाही. चार हजारांहून अधिक बागायतदार आहेत आणि विक्रीचा फार मोठा वाटा चार पेढ्यांच्या हाती आहे. जवळजवळ सगळा माल निर्यात होतो. जुलै २०२५ मध्ये चीनने युरोपीय ब्रँडीवर ३४.९ टक्क्यांपर्यंत शुल्क लावले. ठरलेल्या किमान किमतीला विकण्याची हमी देणाऱ्या मोठ्या पेढ्यांना त्यातून सूट मिळाली. मागणी घटली की पेढी शेतकऱ्याकडून कमी घेते आणि आपला साठा सांभाळून थांबते. शेतकऱ्यापुढे वेली उपटण्याचा पर्याय येतो. गाळणारा आज जे पिंपात भरतो, ते तीस वर्षांनी कोणत्या देशात, कोणत्या करात विकले जाईल, हे कोणीच सांगू शकत नाही. ही जोखीम पेलण्याचे बळ मात्र सर्वांकडे सारखे नाही.

म्हणून मला गोव्याच्या फेणीचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. कोन्याकची नोंदही भारताच्या त्याच नोंदवहीत आहे. कागदावर दोघी शेजारी बसल्या. पण नोंदवही नावाचे रक्षण करते, थांबण्याचे बळ देत नाही. हंगाम संपताच माल विकून उधारी फेडावी लागणाऱ्या भट्टीवाल्याला दहा वर्षांचा साठा ठेवता येणार नाही, मग त्याचा हात कितीही कसबी असो. फेणीला लाकडात मुरवावे, असे माझे म्हणणे नाही. तिची खासियत ताजेपणातच असेल. पण आंबा, हळद, हातमाग अशा ज्या ज्या गोष्टींना आपण वारसा म्हणून मानांकन मिळवतो, तिथे पुढचा प्रश्न विचारायला हवा. चांगला भाव येईपर्यंत थांबण्याची सोय कोणाकडे आहे, करणाऱ्याकडे की विकत घेणाऱ्याकडे? कोन्याकच्या तीनशे वर्षांत बहुतेक नफा या एका प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे वाटला गेला आहे.